अव्वा, कुत्रं कुणाचं?

अव्वा, तुम्हाला शेवटचं बसवून नेलं. तुम्हा लिंगायतांच्यात तसंच नेतात हे ऐकून माहीत होतं, पण बघितलं पहिल्यांदाच. दारासमोर खुर्चीत बसवलेल्या, कपाळाला विभूती, गळ्यात हार, अंगावर ते जांभळं इरकल लुगडं. मान थोडी एका बाजूला. संध्याकाळी दारात बसायचा तशाच दिसत होता. मला सारखं वाटत होतं, आता डोळे उघडाल आणि म्हणाल, "शोभा, चपला नीट काढायला सांग की सगळ्यांना."

चंद्यालाही तसंच वाटलं. मी त्याला आत कोंडून ठेवलं होतं, पण कुणीतरी मागचं दार उघडलं आणि तो मागच्या गल्लीतून वळसा घालून पुढं आला. माणसांच्या पायांतून वाट काढत तुमच्यापर्यंत पोचला, शेपूट हलवली आणि तुमच्या पायाशी रोजच्या जागी बसला. तुमच्या नणंदेची सून म्हणाली, "अगं बाई, कुत्रं काढा तिथनं." मी पुढं झाले. तर पूजेला आलेले जंगम अय्या म्हणाले, "असू दे. कुणाचं हाय?"

तीन-चार बायका एकदम म्हणाल्या, "अव्वाचंच हाय की."

 ती काही बोलायची वेळ नव्हती. पण खरं सांगते, त्या घडीला माझ्या मनात जे पहिलं आलं ते रडू नव्हतं. मनात आलं, जिंकलात अव्वा. सगळ्या गल्लीकडनं वदवून घेतलंत.

भांडण म्हणावं तर आपलं एवढं एकच होतं. भाड्यावरनं, पाण्यावरनं, लाईटवरनं कधी शब्द झाला नाही. चंद्या कुणाचा, यावरनं मात्र रोज. आणि भांडायचा ते तुम्हीच. मी "व्हय अव्वा" म्हणून मशीनवर जाऊन बसायची. टॉवेलच्या कडा शिवता शिवता मनातल्या मनात तुम्हाला उत्तरं द्यायची. मशीनच्या आवाजात ती मला फार ठासून देता यायची. तोंडानं एकही दिलं नाही. ती सगळी तशीच राहून गेली, म्हणून लिहायला बसले आहे. कुणाला दाखवायचं नाही.

तुमच्याकडे यायच्या आधी आम्ही किती उंबरे झिजवले हे तुम्हाला मी कधी पुरतं सांगितलं नव्हतं. चंद्या यांच्या कारखान्यातला. बॉयलरच्या मागं एक कुत्री व्याली होती, त्यातलं एक पिल्लू हे डब्याच्या पिशवीत घालून घेऊन आले. पोरीचं लग्न होऊन ती नांदायला गेली होती आणि घर खायला उठायचं. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चंद्या. तेव्हाच्या घरमालकाला पिल्लू चाललं. पिल्लू सगळ्यांनाच चालतं. ते मोठं होऊन भुंकायला लागलं की मग मालकाला आठवतं की घर आपलं आहे.

पुढच्या मालकाला कुत्रं रात्री पाहिजे होतं आणि दिवसा नको होतं. "रात्री गेटला बांधा, चोराचिलटाची भीती ऱ्हात न्हाय. दिवसा मातर दिसू देऊ नका, आमच्याकडं पावणे येत्यात," असं म्हणाला. हे म्हणाले, "मग दिवसा काय त्याला कामाला पाठवू?" तिथनं लवकरच निघावं लागलं. यांचं तोंड असं आहे.

मग एका बाईंनी खोल्या दाखवल्या, नळ दाखवला, वाळत घालायची दोरी दाखवली आणि हळूच विचारलं, "कुत्र्याला काय घालता?" हा प्रश्न नंतर इतक्या ठिकाणी भेटला की मी त्याला ओळखायला लागले. त्यात कुत्र्याचं काही नसतं. तुमच्या चुलीवर काय शिजतं आणि त्यावरनं तुम्ही कोण, हे त्यांना पाहिजे असतं. माणसाला तोंडावर विचारायची लाज वाटते म्हणून कुत्र्याच्या ताटात डोकावतात. आम्ही खरं सांगितलं की खोली आदल्याच दिवशी दुसऱ्या कुणाला तरी कबूल केलेली निघायची.

तुम्ही तसं केलं नाही. यांच्या मागं मी उभी, माझ्या मागं चंद्या, आणि तुम्ही दारात बसून शेंगा सोलत होता. वर न बघताच विचारलंत, "मटण खाता?"

"खातो," हे म्हणाले.

"माझ्या घरात शिजवायचं न्हाय. अंडं पण न्हाय. भायेर काय खायाचं ते खावा, मी काय तोंडाचा वास घ्यायला येणार न्हाय." मग तुम्ही चंद्याकडं बघितलंत. "आणि हे?"

"आमचं हाय," हे म्हणाले.

"ते दिसतंय की. ह्याला काय घालता ते इच्यारत न्हाय. हितं ऱ्हायचं तर मी खाते ते खाईल. पर बोळात पाय ठेवायचा न्हाय. माझी पूजा असती."

तेवढ्यावर घर मिळालं. तुमच्या पुढच्या दोन खोल्या, आमच्या मागच्या दोन आणि मधे तो अंधारा बोळ. आमच्याकडे यायचं तर तुमच्या पूजेच्या खोलीच्या दारावरनंच यावं लागायचं. माणसांनी बोळातून यायचं, कुत्र्यानं मागच्या गल्लीतून. मी चंद्याला शिकवलं. बोळाच्या तोंडाशी जिथं फरशी बदलते तिथं त्याला बसवायची आणि पुढं पाय टाकला की "अंहं" म्हणायची. फार दिवस लागले नाहीत. मला माणसांना काही सांगायचं म्हटलं की घाम फुटतो, पण त्याला सांगता यायचं.

आणखी एक शिकवलं होतं. दुसऱ्या कुणाच्या हातचं खायचं नाही. आधीच्या गल्लीत कुणीतरी दोन कुत्र्यांना विष घातलं होतं, ती मी तडफडताना बघितली होती. तेव्हापासून मी "खा" म्हटल्याशिवाय तो कशाला तोंड लावायचा नाही. नुसता बसून माझ्याकडं बघायचा.

ते पहिलं वर्ष तुम्ही त्याला नावानं हाक मारली नाही. "ते तुमचं" म्हणायचा. "ते तुमचं भुंकलं काल." "ते तुमचं तुळशीपाशी बसलंय." आणि ते तुमचं ताक-भाकरी आणि आमटीचा चुरा खाऊन टुणटुणीत झालं होतं. कोपऱ्यावरचा रिक्षावाला मला म्हणाला, "वैनी, कुत्र्याच्या गळ्यात लिंग बांधायचं तेवढं ऱ्हायलंय बगा." मी मान खाली घालून निघाले. तुम्ही दारातनं ऐकलंत. "आधी तू दारू सोड," म्हणालात, "मग पयलं तुझ्याच गळ्यात बांधते." त्यानं रिक्षा चालू केली आणि निघून गेला. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपल्या बाजूनं बोलणारं कुणीतरी या गल्लीत आहे. तुम्ही कुत्र्याच्या बाजूनं नव्हता, लिंगाच्या बाजूनं होता, हे मला कळत होतं. तरी बरं वाटलं.

मग चंपाषष्ठी आली.

तुमचं कुलदैवत बाळे गावचा खंडोबा. तुमच्या घरची रीत अशी की तळी उचलली, भंडारा उधळला की भरीत-रोडग्याचा नैवेद्य आधी कुत्र्यानं खायचा. देवाचं कुत्रं ते. त्यानं तोंड लावल्याशिवाय घरातल्या बाईनं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. आता त्या दिवशी आपल्या पेठेत घरोघरी तेच. सकाळपासून गल्लीतल्या कुत्र्यांना प्रत्येक दारात भरीत-रोडगा. तुमची तळी आवरायला दुपार झाली आणि तोवर गल्लीतलं एक कुत्रं उठून उभं राहण्याच्या स्थितीत नव्हतं. तुम्ही ताटली घेऊन "यू यू" करत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलात. कोपऱ्यावरच्या लाल कुत्रीनं एक डोळा उघडला आणि मिटला. रिक्षाखालच्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. पोरं हसायला लागली. तुमचं साखरेचं दुखणं, सकाळपासून पोटात काही नाही.

मी खिडकीतून बघत होते. चंद्या माझ्या पायाशी होता. मला म्हणता आलं असतं, अव्वा, आमचा आहे की. पण आपणहून जाऊन सांगायचं कसं, तुम्हाला चालेल की नाही, देवाचं काम, त्यात आम्ही भाडेकरू. मी तिथंच उभी राहिले. शेवटी तुम्हीच बोळाच्या तोंडाशी येऊन हाक मारलीत. "शोभा. ते तुमचं कुटं हाय?"

मी म्हटलं, "हाय की."

"आण हिकडं."

मी त्याला बोळातून न्यायला गेले, तर फरशी बदलते तिथं तो बसला. काही केल्या पुढं येईना. मी "चल" म्हणाले, तुम्ही "ये" म्हणालात. तो माझ्या तोंडाकडं बघत होता, जणू मी त्याला फसवून बघते आहे. त्याला वर्षभर शिकवलं होतं ना.

"येत का न्हाय?" तुम्ही विचारलंत.

"तुमीच सांगितलंय न्हवं, बोळात यायचं न्हाय म्हणून," मी म्हणाले. एवढं लांब वाक्य मी तुमच्याशी पहिल्यांदाच बोलले असेन.

तुम्ही स्वतःच बोळातून आमच्या बाजूला आलात. गुडघे धरत खाली बसलात आणि ताटली त्याच्यापुढं सरकवलीत. वांग्याच्या भरिताचा वास सुटला होता, त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं दिसत होतं. पण तो खाईना. माझ्याकडं बघत बसला.

"ह्याचं बी पोट भरलंय काय?"

"न्हाय अव्वा. मी सांगितल्याबिगर खात न्हाय."

"मग सांग की बाई. माझा जीव जायची वेळ आली."

मी म्हटलं, "खा." त्यानं एका दमात ताटली चाटून पुसून ठेवली. तुम्ही त्याच्याकडं बघत राहिलात. भंडाऱ्याचं बोट त्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्याला लावलंत आणि मला म्हणालात, "देवाचं ऐकंना, तुझं ऐकतंय." मग तिथंच बसून पाणी मागितलंत. माझ्या घरचं पाणी तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा प्यालात.

दुसऱ्या दिवसापासून पहिली भाकरी त्याची झाली. आठवडाभरात तो तुमच्या हातचं खायला लागला. मी "खा" म्हणायची वाट बघायचा बंद झाला. आणि एका सकाळी मी बघते तर तुमच्या पूजेच्या दाराबाहेर, बोळात, पसरलेला. मी धावले. तर आतून तुम्ही म्हणालात, "असू दे. पूजा बगतंय." नंतर तुम्ही त्याला "बा मगा" म्हणून बोलवायला लागलात. मी यांना विचारलं, मगा म्हणजे काय हो. हे म्हणाले, "मगा म्हणजे ल्योक. आपलं कुत्रं अक्कलकोटच्या बाजूचं झालं आता." खरंच त्याला कानडी कळायला लागलं होतं. मला अजून कळत नाही.

तिथनं आपलं भांडण सुरू झालं. "माझ्या घरचं खाल्लं, माझ्या देवाचं खाल्लं, आता ते माझं," हे तुमचं म्हणणं. दारात येईल त्याला सांगायचा. भाजीवालीला, गॅसवाल्याला. फोनवर पुण्याला तुमच्या मुलाला, शिवूदादाला, तर रोज. "माझं कुत्रं असं करतंय, माझं कुत्रं तसं करतंय." भिंतीला कान लावायची गरजच नव्हती, तुम्ही फोनवर इथनंच पुण्याला ऐकू जावं असं बोलायचा. मी मशीनवर बसून ऐकायची आणि मला राग यायचा. त्याला गोचीड झाले की मी काढायची. त्याच्या पायात काच गेली तेव्हा दवाखान्यात हे घेऊन गेले. आंघोळ मी घालायची. आणि कुत्रं तुमचं.

राग खरा आला तो मागच्या उन्हाळ्यात. यांच्या कारखान्याजवळ दोन खोल्या मिळत होत्या, यांचं सायकलवरचं जाणं वाचलं असतं. मी भीत भीत तुम्हाला सांगितलं. तुम्ही तांदूळ निवडत होता.

"जा की. कुणी अडिवलंय. कुत्रं ठिवून जा."

"असं कसं अव्वा?"

"कसं म्हंजे? भाडेकरूचं काय असतंय? आज हितं, उद्या तितं. कुत्र्याला घर लागतंय. ते ह्या घराचं हाय."

मी "बरं" म्हणून आत आले. पण अव्वा, ते वाक्य मला लागलं. भाडेकरूचं काय असतंय. मला म्हणायचं होतं की कुत्रं घराचं नसतं, माणसाचं असतं. आम्ही इतक्या घरांतून निघालो, प्रत्येक वेळी तो सामानाच्या आधी टेम्पोत चढून बसला, मागं वळून त्यानं एका भिंतीकडं बघितलं नाही. भाडेकरूचं काय असतं म्हणता, भाडेकरूचं एवढंच असतं जे त्याच्या मागनं येतं. हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. तुम्ही चिडला असता, दोन शब्द ऐकवले असते, पण ऐकलं असतं. तुम्ही ऐकणाऱ्यांतल्या होता हे मला उशिरा कळलं.

मी दोन दिवस तुमच्या दारावरनं जाताना बोलले नाही. माझं न बोलणं कुणाला कळत नाही, मी बोलतेच कमी. तुम्हाला कळलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही गव्हाची हुग्गी, तुमची ती गुळाची खीर, घेऊन आलात. "मगासाठी केलीया," म्हणालात. वाटी नव्हती ती, पातेलं होतं. वर तूप, खोबरं, वेलदोडा. "त्याला एवढी कशी जाईल?" मी म्हटलं. "उरली तर तुमी खावा," म्हणालात आणि पाठमोऱ्या झालात. आम्ही तिघांनी दोन दिवस खाल्ली. खोल्या बघायला कुणी गेलं नाही.

आता पुढचं सांगते, ते तुम्हाला माहीत नाही.

तुम्ही गेल्यानंतरचं प्रसादाचं जेवण झालं त्या दिवशी. पाहुणे पानसुपारी घेत पुढच्या खोलीत बसले होते. शिवूदादांनी मला आणि यांना बोलावलं. ते चांगलेच बोलले, अव्वा. तुमचा मुलगा मनानं वाईट नाही. म्हणाले, "वहिनी, तुम्ही आईचं फार केलंत. तुम्ही इथंच राहा, भाडं आहे तेच. पुढच्या खोल्यांत एक मास्तर शिकवणी घेणार आहेत. घरावर तुमचं लक्ष राहील." मला हायसं वाटलं. मग म्हणाले, "फक्त कुत्र्याचं बघावं लागेल. लहान मुलं येणार, त्यांचे आईवडील आधीच विचारतात. आईचं कुत्रं म्हणून कुठंही टाकून द्यायचं नाही मला. आपल्या वळसंगच्या शेतावर पाठवतो."

वळसंगचा तुमचा वाटेकरी तिथंच बसला होता. तो म्हणाला, "लई ब्येस. हिरीवरच्या मोटारीपाशी बांधतो. केबल चोरीला जायलीय सारखी."

बांधतो म्हणाला. चंद्याच्या गळ्यात आजवर दोरी नाही. तो बाहेर कट्ट्यावर झोपला होता, मला दारातून त्याचे पाय दिसत होते. मी यांच्याकडं बघितलं. हे खाली बघत होते. घर मिळवायला आम्ही काय काय केलंय ते यांनाही आठवत असणार. आणि खोलीतले सगळे तुमच्या जाण्यानं सुतकी चेहऱ्यानं बसलेले. त्यांच्यासमोर तुमचं बोलणं खोटं पाडायचं, तेही तुमच्या प्रसादाच्या दिवशी, हे माझ्यानं होईल असं मला वाटत नव्हतं.

मी म्हणाले, "दादा, तो माझा हाय."

आवाज बारीकच निघाला, पण खोली शांत होती.

तुमच्या नणंदेची सून म्हणाली, "अहो, काय बोलताय? अव्वा तर सगळ्यांला सांगायच्या, माझं कुत्रं, माझं कुत्रं."

"त्या म्हणायच्या," मी म्हटलं. "मी म्हणू द्यायची."

शिवूदादांनी हातातलं पान तबकात ठेवलं. मग म्हणाले, "वहिनी, मी आईला तीन वर्षं पुण्याला ये म्हणत होतो. आमच्या सोसायटीत कुत्री चालत नाहीत. दरवेळी तिचं एकच, माझं कुत्रं आहे, त्याला कोण बघणार. त्या कुत्र्यापायी आई आली नाही माझ्याकडं."

तेव्हा मला कळलं, अव्वा. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकत होते आणि कळलं नव्हतं. मला वाटायचं तुम्ही माझ्यावर हक्क गाजवता. तुम्ही तर स्वतःसाठी जागा धरून ठेवली होती. पुण्याला सुनेच्या घरात कुठल्या खोलीत पूजा मांडायची, नळ कधी सोडायचा, दारात बसायचं की नाही, सगळं विचारून करावं लागलं असतं. मला माहीत आहे ते कसं असतं. मी जन्मभर विचारूनच राहिले. तुम्हाला नुसतं "मला यायचं नाही" म्हणता येत नव्हतं, मुलाला वाईट वाटलं असतं. म्हणून कुत्र्याला पुढं केलंत. त्यासाठी ते तुमचं असणं भाग होतं. भाडेकरूच्या कुत्र्यासाठी कोण थांबतं?

हे मला आधी कळलं असतं तर मी मशीनवर बसून एवढे दातओठ खाल्ले नसते. मीच दारात उभी राहून सगळ्यांना सांगितलं असतं, अव्वांचं आहे म्हणून.

पण त्या खोलीत तसं सांगता येत नव्हतं. तुमचं म्हटलं असतं तर तो केबलपाशी बांधला गेला असता. शिवूदादांना मी एवढंच म्हणाले, "त्यांनी खोटं न्हाय सांगितलं. त्यास्नी तसं म्हणावं लागत हुतं." ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना कळलं की नाही मला माहीत नाही. कळलं असेल तर मी तुमचं एक झाकलेलं उघडं केलं. ते तुम्हाला आवडलं नसतं. पण मुलाला कुणीतरी कधीतरी सांगायला पाहिजे होतं की आई कुत्र्यासाठी थांबली नव्हती.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "पण मग, वहिनी, शिकवणीच्या मुलांचं..."

"व्हय," मी म्हटलं. "आमी बगतो दुसरीकडं."

मागच्या खोलीत आल्यावर हे म्हणाले, "मला इच्यारायचं तरी."

"इच्यारलं असतं तर काय म्हणला असता?"

"हेच म्हणलो असतो. पर इच्यारायचं की."

घरं बघायला या वेळी मी पुढं चालले. आधी हे बोलायचे आणि मी मागं उभी राहायची, आणि कुत्र्याचं शेवटी निघायचं, घर पसंत पडल्यावर, आडून आडून. आता मी दारातच सांगायची. "आमच्याकडं कुत्रं हाय. आमी मटण खातो, कुत्र्याला बी देऊ. चालत असंल तर खोली बघतो." पहिल्या दोन ठिकाणी खोली बघायची वेळच आली नाही. पण तिथनं निघताना पूर्वीसारखं तोंड लपवून निघावंसं वाटलं नाही. त्यांचं घर, त्यांनी नाही म्हटलं. आमचं कुत्रं, आम्ही हो म्हटलं. इतकं साधं आहे ते.

तिसऱ्या ठिकाणी एक म्हातारे विणकर. घरात तेलुगू बोलतात. अंगणात कोंबड्या. त्यांनी चंद्याकडं बघितलं, कोंबड्यांकडं बघितलं. "हे माझ्या कोंबड्या जित्या ठेवील का?"

हे म्हणाले, "मालक, चार वरसं ताक-भाकरीवर हाय. कोंबडी भाजी हाय का फूल हाय, त्याला ठावं न्हाय."

म्हातारे हसले नाहीत. चंद्याला आत घेतलं आणि आम्ही सगळे बघत उभे राहिलो. एक कोंबडी त्याच्या नाकाजवळनं गेली. त्यानं वास घेतला, शिंकला आणि सावलीत जाऊन बसला. "कुणी वाढिवलं ह्याला?" म्हाताऱ्यांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. पेठेतल्या अव्वा म्हटल्यावर त्यांनी तुम्हाला ओळखलं. खोली मिळाली.

सामान बांधून झालं आहे. उद्या टेम्पो येईल. एवढ्या वेळा घरं बदलली, कधी चंद्याची काळजी वाटली नव्हती. या वेळी वाटते. तुम्ही गेल्यापासून तो आमच्याकडे झोपायला येत नाही. तुमच्या बंद दाराशी असतो. मी भाकरी तिथंच नेऊन देते, खातो, पुन्हा दाराकडं तोंड करून बसतो. हे म्हणाले, चढला नाही तर उचलून टाकू. मी नाही म्हटलं. मला उत्तर द्यायचं होतं ना तुम्हाला, कुत्रं माणसाचं असतं म्हणून. ते खरंच आहे. पण तो कुठल्या माणसाचा, हे मी एकटीनं ठरवलं होतं.

उद्या सामान चढवून झालं की मी त्याला एकदा हाक मारीन. आला तर आला. नाही आला तर टेम्पोवाल्याला थांबायला सांगीन आणि बोळात त्याच्या शेजारी बसेन. ओढणार नाही, "चल" म्हणणार नाही. तो आपणहून उठेपर्यंत बसेन, अव्वा. तेवढा वेळ तो तुमचा.